प्रश्नाचं शेपूट

हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत दोन माणसं लागतात. एक पुढे खिडकीत बसतं आणि दुसरं मागे कोठीत. खिडकीतल्या माणसाला लोक धन्यवाद देतात, हात जोडतात, क्वचित शिव्याही घालतात. कोठीतल्या माणसाला कुणी काही म्हणत नाही, कारण मागे कुणी आहे हेच मुळी कुणाला ठाऊक नसतं.

त्या मोठ्या बसस्थानकाच्या कोठीत आपल्या कोठीताई एकोणीस वर्षं होत्या. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. सकाळी गाड्या झाडून झाल्या की विसरलेल्या वस्तूंचं पोतं त्यांच्यापुढे येई. मग एकेक वस्तू काढायची, पुसायची, चिठ्ठीवर तारीख, गाडी आणि बाक लिहायचा, चिठ्ठी दोऱ्याने बांधायची आणि वस्तू फळीवर ठेवायची. माणसं काय काय विसरतात म्हणता! छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट. एकदा तर चक्क दातांची कवळी. बरं, तो माणूस घरी जाऊन जेवला कशाने?

यापुढचं काम मात्र कुठल्याही नियमात नव्हतं. छत्रीची काडी निखळली असेल तर ताई ती तारेने बांधत. पिशवीचा बंद उसवला असेल तर दोन टाके घालत. कोटाचं बटण लोंबत असेल तर पक्कं करत. त्यांच्या टेबलाच्या खणात सुया, दोरे आणि बटणांचा डबा होता. "मोडकी वस्तू मोडकीच परत करायची? आपण काय दगड आहोत का?" असं त्या म्हणत. कुणाला म्हणत? फळ्यांना. तिथे दुसरं होतंच कोण!

वस्तूचा मालक आला की पुढे खिडकीतले काका त्याच्याकडून तीन खुणा विचारून घेत. खुणा जुळल्या की भिंतीतली लहानशी फळी सरके आणि ताई वस्तू पलीकडे देत. फळी पुन्हा बंद. पलीकडून "सापडली! सापडली!" ऐकू येई, कधी हसणं, एकदा तर हमसून हमसून रडणं. पण चेहरा? एकोणीस वर्षांत एकही नाही. कोटाचं बटण पक्कं झालंय हे कुणाच्या ध्यानात आलं की नाही, देव जाणे.

आणि आता काका निवृत्त होणार होते.

खिडकीची जागा परीक्षेने भरायची, असा कागद भिंतीवर लागला. स्थानकावर दहा भाषांची माणसं उतरत, त्यामुळे परीक्षा इंग्रजीची. तीही निबंधाची नव्हे, तर रोजच्या प्रश्नांची. कुठून आलात, कशाने आलात, काय शोधताय, बॅगेत काय होतं. शब्द त्यांना येत होते. घोडं अडायचं ते त्या चिमुकल्या शब्दांपाशी. टू, फॉर, ऑन, ऑफ, विथ. कुठला कुठे लावायचा? ऐन वेळी सगळे मेले सारखेच दिसत.

"आई, मला खिडकी हवी आहे," त्या संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं.

सासूबाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानात यंत्र, समोर तारांचं जंजाळ आणि तोंडात दिवसभर इंग्रजी प्रश्न. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना जुना काळा टेलिफोन भेट दिला होता. तो कपाटावर असे, तार कुठेच जोडलेली नव्हती.

"पगार वाढतो का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"खुर्ची बरी आहे?"

"तीही मोडकीच आहे."

"मग काय तिथे सोनं लागलंय?"

ताई म्हणाल्या, "मला चेहरा बघायचाय, आई. वस्तू परत मिळाल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, तो एकदा तरी बघायचाय. आता ही खिडकी गेली तर गेलीच. नवा माणूस वीस वर्षं उठायचा नाही."

सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. त्यांनाही तीस वर्षं आवाजच मिळाले होते, चेहरे नव्हते. त्या उठल्या, कपाटावरचा टेलिफोन खाली घेतला, पदराने पुसला आणि मांडीवर ठेवला.

"बस तिकडे भिंतीआड. मी प्रवासी, तू खिडकी. विचार."

"व्हॉट आर यू लुकिंग?" ताईंनी विचारलं.

खाडकन रिसीव्हर आपटला. "लाइन कट!"

"अहो, पण काय चुकलं?"

"शेपूट कुठाय? लुकिंग फॉर! शेपटाशिवाय प्रश्न म्हणजे बिनकडीचं दार. उघडं ना बंद."

झालं, त्या दिवसापासून घरात महिनाभर टेलिफोन आपटत होता. सासूबाईंचं व्याकरण शून्य, पण कान तिखट. का, कशासाठी असं विचारलं की म्हणत, "कारणं मास्तर सांगतात. मला कानाला टोचलं की चूक, एवढंच कळतं." ताईंचे नाकी नऊ आले. घडायचं काय, की त्या मनातल्या मनात आपल्या भाषेत वाक्य जुळवत आणि मग त्याला इंग्रजी कपडे चढवत. आपण एखाद्यावर रागावतो, म्हणून त्या 'अँग्री ऑन' म्हणत. लाइन कट! आपण नुसती वाट बघतो, इंग्रज कुणा'साठी' थांबतात. ताई ते 'फॉर' गाळून मोकळ्या होत. लाइन कट! आणि सगळ्यात अवघड होता तो एक साधासा प्रश्न, वस्तू कुणासाठी आहे? हू इज इट फॉर? 'हू इज इट' इथपर्यंत गाडी सुसाट येई आणि शेपटापाशी बंद पडे. टू? ऑफ? विथ? रोज तेच.

"पालथ्या घड्यावर पाणी!" सासूबाई कपाळाला हात लावत.

"घडा तुमच्याच मुलाने पसंत केलाय," ताई भिंतीआडून म्हणत, आणि मग दोघी हसत सुटत. नवरा बिचारा चपला काढताना विचारी, "आज लाइन चालू आहे ना? चहा मिळेल?"

शेवटी ताईंनी आपल्या हाताला ठाऊक असलेली युक्ती काढली. कोठीतल्या कोऱ्या चिठ्ठ्या आणल्या. एका चिठ्ठीवर प्रश्न, दुसरीवर शेपूट, आणि दोन्हीची दोऱ्याने गाठ. छत्रीला तिची चिठ्ठी असते, तशी 'बिलाँग'ला 'टू', 'मेड'ला 'ऑफ'. अशा साठेक जोड्या स्वयंपाकघरात दोरीवर वाळत घातल्या. भांडी घासताना त्या वाचायच्या आणि चुकलं की आतून टेलिफोन आपटायचा. महिन्याच्या शेवटी आपटणं बरंच कमी झालं. 'हू इज इट फॉर' तेवढं राहिलंच.

परीक्षेला मुख्य कचेरीतून साहेब आले. सकाळच्या बारा नंबरच्या गाडीने, हातात काळी बॅग. उमेदवार दोनच. एक आपल्या ताई आणि दुसरी बाहेरून आलेली चुणचुणीत मुलगी, जिच्या तोंडातून इंग्रजी नळाच्या पाण्यासारखं वाहत होतं. तिला बघूनच ताईंचं निम्मं अवसान गळालं. पण मुलगी स्वभावाने गोड होती. तिने ताईंना आपलं जादाचं पेनही दिलं.

आधी लेखी परीक्षा झाली. दहा प्रश्न, प्रत्येकात एक गाळलेली जागा. "पेपर मी नंतर तपासतो," साहेब म्हणाले, "चष्मा बॅगेत आहे. आधी तोंडी परीक्षा उरकू." त्यांनी आपली काळी बॅग टेबलावर ठेवली. "समजा, ही बॅग तुमच्याकडे जमा आहे. मी प्रवासी. मला ती मागायची आहे. विचारा प्रश्न."

साक्षीदार म्हणून काका कोपऱ्यात बसले होते. मुलीचा नंबर पहिला. काय बोलली पोरगी! गाडी कुठली, उतरलात कुठे, बॅग कसली, सगळं शेपटांसकट बिनचूक. साहेबांनी सांगितलं, काळी बॅग, आत फाइल, स्टीलचा डबा आणि चष्मा. तिने हसून बॅग पुढे केली, कुठे सही करायची तेही दाखवलं. साहेब खूश.

मग ताई बसल्या. "व्हिच बस वेअर यू ऑन?" ठीक गेलं. "व्हेअर डिड यू गेट ऑफ?" तेही गेलं. "व्हॉट इज इन इट?" या प्रश्नावर साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. फाइल, डबा, चष्मा.

बॅग द्यायची म्हणून ताईंनी ती मुठीला धरून उचलली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

एकोणीस वर्षांचा हात तो. डबा असलेली बॅग उचलली की तळाला ओढ लागते, आत काहीतरी खुट्ट होतं. फाइल असली की बॅगेची पाठ ताठ राहते. ही बॅग उशीसारखी मऊ लागत होती. ताईंनी ती पुन्हा खाली ठेवली.

"व्हॉट एल्स इज इन इट?" त्यांनी विचारलं.

"नथिंग एल्स," साहेब म्हणाले.

ताईंचं इंग्रजी तिथे संपलं. त्यांनी सरळ सांगितलं, "साहेब, ही बॅग मला तुम्हाला देता येणार नाही."

कोपऱ्यात काकांना ठसका लागला.

"अहो बाई, हे नाटक आहे," साहेब म्हणाले. "परीक्षेपुरतं. बॅग माझीच आहे."

"असेल साहेब. पण खुणा जुळत नाहीत."

"जुळत नाहीत म्हणजे काय?" साहेबांचा आवाज चढला. त्यांनी बॅग ओढली आणि झर्रकन चेन उघडली. आतून हिरव्या लोकरीचा गुंडा टुणकन बाहेर पडला आणि टेबलाखाली घरंगळत गेला. त्याच्या मागोमाग दोन सुया आणि एक अर्धवट विणलेला एवढासा स्वेटर निघाला. एक बाही झालेली, दुसरी नाही.

काखेत कळसा असून गावाला वळसा घालणारे लोक आपण ऐकलेत. इथे काखेत कळसा होता तो दुसऱ्याचाच निघाला, आणि तोही कुणाच्या? हरवलेल्या वस्तूंच्या खात्याच्या साहेबांच्या काखेत!

"ही बॅग माझी नाही!" साहेब ओरडले.

"तेच म्हणतेय मी, साहेब," ताई म्हणाल्या.

गाडीतल्या वरच्या फळीवर दोन काळ्या बॅगा शेजारी शेजारी होत्या, हे साहेबांना आता आठवलं. ते मटकन खुर्चीत बसले. चष्मा गेला, डबा गेला, पेपर तपासायचे कसे? मग टेबलाकडे बघत, समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "या बॅगेचा मालक माझी बॅग घेऊन इथेच येईल. तो येईपर्यंत खिडकीत तुम्ही बसा. आजच्यापुरतं. निकाल चष्मा आल्यावर."

काका उठले आणि आपल्या मोडक्या खुर्चीवरची उशी झटकून त्यांनी ताईंसाठी नीट ठेवली.

तर अशा त्या खिडकीत बसल्या. समोर लोखंडी गज, गजापलीकडे अख्खं स्थानक. माणसंच माणसं, आणि सगळ्यांना चेहरे! ताईंना हसूच आलं.

नियमाप्रमाणे त्यांनी आलेल्या बॅगेतल्या वस्तूंची यादी केली. स्वेटर उलगडून बघितला आणि चुकचुकल्या. दहा-बारा ओळी खाली एक टाका सुटला होता आणि तिथून वरपर्यंत शिडी पडली होती. विणणाऱ्याला ते दिसलं असणार, कारण त्या जागी लाल दोऱ्याची खूण बांधलेली होती. पण दुरुस्त कसं करायचं ते त्याला जमलं नसावं. आता जित्याची खोड! ताईंनी खणातली आकड्याची सुई मागवली, सुटलेला टाका पकडला आणि पायरी पायरीने वर आणून पुन्हा सुईवर चढवला. लाल दोरा तेवढा राहू दिला.

दुपारी खिडकीसमोर अंधार झाला. वर बघतात तो काय, दारात मावणार नाही एवढा धिप्पाड माणूस. मिशा भरघोस, हातांवर काळ्या तेलाचे डाग, गाड्या दुरुस्त करणारा असावा. हातात साहेबांची बॅग. त्याची भाषा ताईंना येईना, ताईंची त्याला. राहता राहिलं इंग्रजी, आणि त्याचं इंग्रजी म्हणजे ताईंच्या इंग्रजीचा सख्खा भाऊ.

"व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" ताईंनी विचारलं. शेपूट जागच्या जागी.

"बॅग. माय बॅग. धिस, नॉट माय." त्याने हातातली बॅग कट्ट्यावर ठेवली.

"व्हॉट इज इन इट?"

त्या पहाडासारख्या माणसाने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग गजाला नाक लावून हळूच म्हणाला, "वूल."

"व्हॉट कलर?"

"ग्रीन." आणि आणखी हळू, "वन हँड, नो."

तीन खुणा जुळल्या. ताईंनी बॅग पुढे सरकवली. फळीतून नव्हे, स्वतःच्या हाताने, त्याच्या हातात.

त्याने बॅग उघडली, स्वेटर काढला आणि लाल दोरा शोधला. दोरा होता. त्याखालची शिडी नव्हती. त्याने स्वेटर उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. मग तो त्या जाड बोटाने एकेक टाका मोजू लागला. मोजता मोजता ओठ हलत होते. शेवटपर्यंत मोजलं, आणि मग त्याने वर पाहिलं.

"हू?" एवढंच विचारलं त्याने.

ताईंनी अंगठ्याने स्वतःकडे खूण केली. त्यांना एकदम लाजल्यासारखं झालं.

मग त्याचा सगळा चेहरा हळूहळू उलगडला, मिशांसकट, कपाळासकट, आणि डोळे भरून आले.

आता नियमाप्रमाणे सही घ्यायची आणि पुढच्या माणसाला बोलवायचं. पण ताईंना एक गोष्ट विचारायचीच होती. ती कुठल्या खुणेत बसत नव्हती, कुठल्या कागदात नव्हती.

"हू इज इट..." त्या म्हणाल्या, आणि तोंडातून आपोआप पुढचं आलं, "...फॉर?"

त्याने हातातली बॅग खाली ठेवली आणि दोन्ही तळवे समोरासमोर धरून दाखवलं. एवढं. जेमतेम दीड वीत. मग स्वतःच्या छातीवर थाप मारून म्हणाला, "आय, ग्रँडफादर. लास्ट मंडे." आणि असा हसला की रांगेतली माणसं मान वर करून बघू लागली.

तो गेल्यावर साहेब खिडकीशी आले. "माझी बॅग."

"व्हॉट इज इन इट, सर?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी एक सुस्कारा सोडला. "फाइल. डबा. चष्मा."

ताईंनी बॅग उचलली. खुट्ट झालं. "इथे सही करा, साहेब."

साहेबांनी सही केली, चष्मा लावला आणि तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर पेपर तपासले. मुलीला दहापैकी दहा. ताईंना सात. "लग्न कुणाशी झालं, तिथे तुम्ही 'विथ' लिहिलंय," ते म्हणाले. "टू पाहिजे."

सात म्हणजे सात. त्या उशी घेऊन उठू लागल्या.

"बसा हो," साहेब म्हणाले. "ती मुलगी फार छान बोलली. आणि बोलता बोलता तिने मला दुसऱ्याची बॅग देऊन टाकली. कोठीची जागा रिकामी होतेय, ती तिला देतो. तुम्ही तिला शिकवा, ती तुम्हाला शेपटं शिकवेल."

मुलगी मागे उभी होती. तिने हळूच विचारलं, "ताई, मला बटणसुद्धा लावता येत नाही हो. चालेल?"

"खणात डबा आहे," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी ये, दाखवते."

संध्याकाळी घराचं दार उघडताच आतून टेलिफोनवरचा आवाज आला. "हॅलो! व्हेअर आर यू कॉलिंग फ्रॉम?"

"खिडकीतून, आई!"

रिसीव्हर खाली पडल्याचा आवाज आला. आपटल्याचा नव्हे, हातातून सुटल्याचा. सासूबाई दारापर्यंत आल्या, सुनेचे दोन्ही हात धरले आणि तिला खुर्चीत बसवलं. स्वतः समोर बसल्या.

"दिसला का?"

"दिसला."

"मग सांग ना कसा होता. मी तीस वर्षं लोकांची माणसं जोडून दिली, अगं, एकाचाही चेहरा नाही बघितला मी."

ताईंनी तोंड उघडलं, पण शब्द सापडेनात. ना इंग्रजी, ना आपले. शेवटी त्यांनी पर्समधून हिरव्या लोकरीचा बोटभर तुकडा काढला, त्या माणसाने जाताना दातांनी तोडून दिलेला, आणि तो सासूबाईंच्या तळहातावर ठेवला.

"टाके मोजत होता तो, आई," त्या म्हणाल्या. "एकेक करून. सगळे मोजले त्याने."